भंगारातला द्वारपाल

दुकानाच्या वा कचेरीच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याचे स्वागत करणारा यंत्रमानव ही आता फारशी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबाद येथे जागतिक उद्योजकता परिषद भरली, तेव्हा बंगळुरात घडविलेला ‘मित्र’ नावाचा यंत्रमानव पाहुण्यांच्या स्वागतास व्यासपीठावर आला होता. त्याच्यामागे एक उद्योगसंस्था होती, भांडवल होते, अभियंत्यांचा ताफा होता. परंतु मोटारीच्या वायपरची टाकून दिलेली मोटार, मोडका प्रिंटर, जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर आणि पत्र्याचा डबा एवढ्या सामग्रीतून गल्लीतल्या एखाद्या दुकानापुढे असा द्वारपाल कोणी उभा केला, तर त्याची संभावना बहुधा ‘रिकामटेकड्याचा उद्योग’ अशीच होते. ही संभावना अन्यायाची तर आहेच. पण समाज म्हणून ती महागातही पडणारी आहे.

वास्तविक यंत्रमानवाचा इतिहासच अशा हौशी कारागिरीपासून सुरू होतो. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे. पुढे आठच वर्षांनी, १९२८ साली, लंडनमध्ये हौशी यंत्रकारांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनास ड्यूक ऑफ यॉर्क येऊ शकत नाहीत असे दिसताच विल्यम रिचर्ड्स आणि ॲलन रेफेल या दोघांनी ॲल्युमिनियमचा एक पुतळा तयार केला. ‘एरिक’ हे त्याचे नाव. तो उठून उभा राही, झुकून अभिवादन करी आणि चार शब्द बोले. म्हणजे जगातील अगदी आरंभीच्या यंत्रमानवांपैकी एकाच्या वाट्याला आलेले पहिले काम स्वागताचेच होते.

याच कामासाठी जपानी कंपनी सॉफ्टबँकेने जून २०१४ मध्ये ‘पेपर’ हा यंत्रमानव जगापुढे आणला. तो दुकानांत उभा राहिला, बँकांत उभा राहिला. लोकांनी त्याच्यासोबत हौसेने छायाचित्रे काढून घेतली. परंतु नवलाई ओसरली, मागणी रोडावली आणि २०२० साली त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. यातून निघणारा बोध साधा आहे. स्वागताची करमणूक अल्पायुषी असते. ती संपल्यावर विकत घेणाऱ्याच्या हाती एक महागडी बाहुली उरते, आणि ती बिघडली तर दुरुस्तीसाठी तो सर्वस्वी परक्यावर अवलंबून असतो. ज्याने ती स्वतः घडविली त्याच्या हाती मात्र विद्या उरते.

ही विद्या कोणती, हे अशा द्वारपालाच्या जडणघडणीवरून ध्यानात यावे. वायपरची मोटार बारा व्होल्टवर चालते. तिच्या पोटातील वर्म गिअरमुळे तिची गती मंदावते आणि जोर वाढतो. म्हणूनच ती पत्र्याचा जड हात सहज उचलते. ती एकाच दिशेने गरगर फिरते, पण तिला जोडलेला दांडा त्या फिरण्याचे रूपांतर मागेपुढे होणाऱ्या हालचालीत करतो. काचेवरचे पाणी पुसणारी हीच रचना पुतळ्याचे दोन हात नमस्कारासाठी एकत्र आणते. हात नेमका कोठे थांबायचा हे संगणकाच्या जुन्या माउसमधील इवले बटणही सांगू शकते. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात जे प्रकरण विद्यार्थी गुणांपुरते पाठ करतो, ते येथे त्याच्या डोळ्यांदेखत हालू लागते.

गिऱ्हाईक आले हे पुतळ्याला कसे कळावे? त्यासाठी उष्ण शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतील बदल टिपणारा स्वस्त संवेदक बाजारात मिळतो. तो बसविला की पुतळा माणसाला नमस्कार करतो आणि दारावरून जाणाऱ्या कुत्र्यालाही! चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात, जेव्हा भोवतालचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचते वा त्याच्याही पुढे जाते, तेव्हा हा संवेदक माणूस ओळखण्यात चुकू लागतो. मग ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा दुसरा संवेदक लावावा लागतो. आणि तो दारावरच्या हलत्या पडद्यालाच गिऱ्हाईक समजतो. प्रत्येक उपायातून नवी अडचण निघते, आणि प्रत्येक अडचणीगणिक करणाऱ्याची समज एक पायरी वर चढते. असे शिक्षण कोणत्या तयार उत्तरपत्रिकेतून मिळणार?

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू करून प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकविण्याचा पाठ घालून दिला. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’त बसून टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली आणि ती मुलांच्या हाती दिली. मुंबईत पवई येथील केंद्रीय विद्यालयातील संगणकशास्त्राचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांतून घडविलेली, अनेक भाषा बोलणारी ‘शालू’ २०२१ साली वृत्तपत्रांतून गाजली. उदाहरणे आहेत, उणीव आहे ती अनुकरणाची. केंद्र सरकारच्या योजनेतून २०१६ पासून शाळाशाळांत ‘अटल टिंकरिंग’ प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, हे स्वागतार्हच. पण महागडे साहित्य मोडेल या भीतीने जेथे कपाटाला कुलूप पडते, तेथे प्रयोगशाळेची केवळ पाटी उरते. भंगाराचा मोठा गुण हा, की ते मोडण्याचे भय कोणालाच नसते.

दोन आक्षेपांचा विचार मात्र केलाच पाहिजे. पहिला सुरक्षिततेचा. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज राखून ठेवतात. मायक्रोवेव्हच्या शेगडीतील कपॅसिटर तर जीवघेणा ठरू शकतो. मुलांनी अशी यंत्रे उघडू नयेत. बारा व्होल्टची मर्यादा, प्रत्येक जोडणीत फ्यूज आणि शेजारी जाणता माणूस, हे नियम कटाक्षाने पाळावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारावरचा पुतळा दारावरच्या माणसाची भाकरी हिरावून घेणार नाही काय? दुकानातील नोकरांना कामाच्या वेळी बसता यावे यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, ही वस्तुस्थिती येथे आठवावी. तासन् तास उभे राहून हसतमुखाने मान लववणे हे वेठीचेच काम आहे, आणि तेवढे काम पत्र्याने खुशाल करावे. पण आलेल्या आजींना भोवळ येते आहे हे पुतळ्याला उमगत नाही, आणि महिनाअखेरीस उधारीवर नेणाऱ्या कारकुनाचा संकोचही त्याला वाचता येत नाही. ‘या काकू, बसा’ या तीन शब्दांमागची ओळख मोटारीत नसते. म्हणून पुतळा आला तर माणसाला खुर्ची मिळावी. त्याची नोकरी जाऊ नये. जो दुकानदार पुतळ्याचे निमित्त करून नोकर कमी करील, तो उद्या गिऱ्हाइकालाही मुकेल.

२०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. चार-दोन पुतळ्यांनी हा डोंगर हलणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या मुलाने एकदा मोडका प्रिंटर उघडून त्यातील मोटार चालती केली, तो पुढे कोणतीही वस्तू सहजासहजी फेकून देणार नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला हलका लेखणार नाही. लेखणीला मान आणि पकड-पान्याला दुय्यम स्थान, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. ती व्याख्यानांनी जाणारी नाही.

प्रत्येक माध्यमिक शाळेने एक लाकडी बाक, एक डाख देण्याची इस्त्री आणि आठवड्याचे दोन तास एवढे बाजूला काढावेत. गावातील मोटार-मेकॅनिकला सन्मानाने वर्गात बोलवावे. जवळच्या पुस्तकविक्रेत्याने वा वाण्याने आपला उंबरठा आठ दिवस मुलांच्या पुतळ्यासाठी द्यावा. दिवाळीच्या गर्दीत त्या पुतळ्याचा हात अडकला, तर तो मुलांनीच येऊन सोडवावा. या परीक्षेला गुण नसतील, पण तिच्यात उत्तीर्ण होणारा मुलगा वा मुलगी बिघडलेल्या यंत्रापुढे हात जोडून उभी राहणार नाही.