गुणांची बेरीज करू नका

‘एका विभागात गुण उंच आणि दुसऱ्यात खाली, म्हणजे विद्यार्थी कच्चा,’ असं पदव्युत्तर प्रवेशातल्या चाळणीचे समर्थक मानतात. संत गोरोबा कुंभारांच्या तेर गावात त्यांना दाखला घरचाच मिळेल. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. पण कथा तिथे थांबत नाही. नामदेवांना संतमेळ्यातून कुणी हाकललं नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू भेटला. उणीव नेमकी कळली, म्हणून पुढची वाट सापडली.

आता परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा बघा. भाषा आणि गणित, दोन्ही विभाग १३० ते १७० गुणांचे. समजा, तेरच्या मराठी शाळेतून अभियांत्रिकीपर्यंत गेलेल्या मुलीला गणितात १६८ आणि भाषेत १४८ मिळाले. दुसऱ्या एका मुलाला दोन्हीकडे १५८. बेरीज दोघांची ३१६च! संख्याशास्त्राच्या विभागाने या दोघांना एका पारड्यात टाकणं म्हणजे गुणपत्रिका न वाचणं. शिवाय दोन्हीकडच्या गुणांचं मोलही सारखं नाही: भाषेत १६० मिळवणारा ८० टक्क्यांहून अधिक परीक्षार्थींच्या पुढे असतो, गणितात तेवढ्याच गुणांवर तो साधारण मधोमध येतो. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते, की विभाग वेगवेगळे पाहा आणि केवळ ठरावीक गुणांची रेघ मारून कुणाला नाकारू नका.

‘इंग्रजी कच्चं असेल तर प्रबंध कसा लिहिणार?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण परदेशी विद्यार्थ्याच्या इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस बहुतेक ठिकाणी वेगळी मागतातच. जीआरईचा भाषाविभाग अवघड शब्द आणि गुंतागुंतीचे उतारे घड्याळ लावून विचारतो. बारावीनंतर पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकं हाताळणाऱ्या मुलीची संशोधनाची कुवत त्यात दिसत नाही. तिचा प्रकल्प-अहवाल वाचा, त्यात दिसेल.

सरसकट सूट मात्र मी मागत नाही. इतिहासाच्या विभागाने भाषेचे गुण बारकाईने पाहावेत. संख्याशास्त्राला अर्ज करणाऱ्याचं गणित लंगडं असेल तर त्याला नाही म्हणावं. पण आपल्याकडे आयआयएममध्ये कॅट या प्रवेशपरीक्षेच्या प्रत्येक विभागाला किमान पर्सेंटाइलची अट असते. एका विभागात घसरलं की बाकीचा अर्ज उघडलाही जात नाही. हे थांबायला हवं. कोणत्या विद्याशाखेला कोणता विभाग किती महत्त्वाचा, हे प्रत्येक संस्थेने अर्ज मागवतानाच छापावं, आणि जिथे दोन विभागांत मोठी तफावत आहे तो अर्ज यंत्राने नव्हे, त्या विषयाच्या प्राध्यापकाने वाचावा.