पिवळी शाई कुणी प्याली?

मी कारकून. बी.ए. झालो ते मराठी आणि इतिहास घेऊन. यंत्रातलं मला काही कळत नाही असं आमच्या साहेबांचं ठाम मत आहे, आणि परवापरवापर्यंत माझंही तेच होतं. पण भांडाराची नोंदवही माझ्याकडे असते. टाचणीच्या डबीपासून टोनरपर्यंत काय आलं, कुणाला दिलं, किती उरलं, हे त्यात लिहायचं आणि वर्षातून एकदा पडताळणीला उभं राहायचं. यंदाच्या पडताळणीत एक प्रश्न निघाला आणि तेव्हापासून डोक्यात बसलाय. प्रश्न असा की, पिवळी शाई गेली कुठे?

आमच्या कार्यालयात आराखडे छापायला एक प्लॉटर आहे. प्लॉटर म्हणजे मोठ्या रुंदीचा प्रिंटर, टेबलाएवढा कागद छापणारा. आमचे आराखडे काळ्या रेघांचे. रंगीत आराखडे वर्षाकाठी दहा-बारा. आणि वहीत नोंद काय? 130 मिलिलिटरची पिवळी कार्ट्रिजं तीन दिली. दोन संपली, तिसरी अर्ध्यावर. पडताळणीला आलेल्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "रंगीत काम नाही, मग पिवळं कुणी वापरलं?" आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा प्लॉटर चालवणाऱ्या मुलाकडे वळल्या. मुलगा कंत्राटी, पगार बेताचा. बाहेर झेरॉक्सवाल्याला शाई विकली असणार, हे कुणी बोललं नाही, पण वास सगळ्यांना आला. तो बिचारा एवढंच म्हणाला, "सर, हांवें कांयच घेवंक ना."

त्याने खरंच काही घेतलं नव्हतं. शाई यंत्राने प्याली होती.

हे समजायला मला चार संध्याकाळी लागल्या. असल्या यंत्राच्या डोक्याला केसापेक्षा बारीक अशी हजारो छिद्रं असतात. त्यांतून शाईचे थेंब उडतात. यंत्र बसून राहिलं की छिद्राच्या तोंडाशी शाई वाळते. म्हणून यंत्र मधूनमधून स्वतःच स्वतःला साफ करतं. थोडी शाई थुंकतं, रबराच्या पट्टीने तोंड पुसतं, आणि जास्तच वाळलं असेल तर खाली झाकण लावून पंपाने शाई ओढून घेतं. अनेक यंत्रांत हे झाकण सगळ्या रंगांवर एकदमच बसतं. बंद असतो काळा, पण काळ्याबरोबर पिवळा, निळा, लाल सगळेच गटारात. आणि ही गटारसुद्धा फुकटची नव्हे. ओढलेली शाई जाते एका पेटीत. तिला नाव दिलंय मेंटेनन्स कार्ट्रिज. ती भरली की यंत्र अडून बसतं आणि नवी पेटी मागतं. म्हणजे सांडलेली शाईही आपण विकत घ्यायची आणि ती सांडायचं भांडंही विकतच घ्यायचं!

आता सफाई नकोच असं मी म्हणत नाही. आमच्या आज्ज्या समईची वात रोज पुसायच्या, काजळी झाडायच्या, तेव्हा चमचाभर तेल जायचंच. वात न पुसता समई जळत नाही. पण देवळाच्या तेलाचा हिशेब महाजनांना द्यावा लागतो. समई परस्पर शंभर चमचे तेल पिऊन गप्प बसत नाही. माझं भांडण सफाईशी नाही, तिच्या लपवलेल्या हिशेबाशी आहे.

लपवलेल्या असं मी मुद्दाम म्हणतो. कारण यंत्राला हिशेब येतो! आमच्या प्लॉटरच्या पोटात प्रत्येक आराखड्याची नोंद आहे. कागद किती, काळी शाई किती, पिवळी किती, सगळं मिलिलिटरमध्ये. मी त्या नोंदी वर्षभराच्या काढल्या आणि बेरीज मारली. कागदावर उतरलेली पिवळी शाई पन्नास मिलिलिटरसुद्धा भरेना. वहीप्रमाणे गेली सव्वातीनशे. उरलेली कुठे गेली याचा एक शब्द त्या पोटात सापडला नाही. गिऱ्हाइकाच्या कामाला किती लागली ते थेंबाथेंबाने सांगणारं यंत्र, स्वतः किती प्यालो ते सांगताना मुकं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आपण आजवर आंधळ्याला हसण्यासाठी वापरली. कुत्र्याला कुणी विचारत नाही.

आणि आम्ही त्या कुत्र्याला आयतं पीठ कसं घातलं तेही ऐका. आमच्याकडे भिंतीवर पाटी आहे, वीज वाचवा, संध्याकाळी सर्व उपकरणांची बटणं बंद करा. शिपाई प्रामाणिक. तो रोज साडेपाचनंतर भिंतीवरचा मुख्य स्विचच खाली ओढायचा. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर डोकं नीट जाऊन झाकणावर बसतं. भिंतीवरून अचानक वीज तोडली आणि यंत्र तेव्हा कामात असलं, तर डोकं उघडंच राहतं आणि शाई वाळते. सकाळी स्विच वर केला की यंत्र जागं होतं आणि पहिलं काम काय, तर सफाई. त्यात गोव्याचा पाऊस. जूनपासून वीज दिवसातून दोन-चार वेळा जाणार आणि येणार, म्हणजे पुन्हा सफाई. काही पैशांची वीज वाचवायला आम्ही शेकडो रुपयांची शाई ओतत होतो, तीही परिपत्रकाप्रमाणे!

कुणी म्हणेल, ही आमच्याच कार्यालयाची रड आहे. तसं नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-संस्थेने 2013 साली घरगुती इंकजेट प्रिंटर अधूनमधून वापरून तपासले. कित्येक यंत्रांत निम्मी किंवा त्याहून कमी शाई कागदापर्यंत पोचली. बाकीची देखभालीत गेली. खोक्यावर छापलेला पानांचा आकडा मात्र सलग छपाई करून काढलेला असतो, आणि सलग छापताना सफाई कमीच लागते. फ्रान्सने 2015 साली मुद्दाम लवकर निकामी होणाऱ्या वस्तू बनवणं हा गुन्हा ठरवला आणि 2017 मध्ये तिथल्या एका संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार दिली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारी वकिलांनी चौकशीही सुरू केली.

"पण यंत्राची रचनाच तशी, काय करणार?" असं विक्रेते सांगतात. हे मला मुळीच पटत नाही. मोठ्या प्रिंटरांचंच उदाहरण घ्या. 2005 च्या सुमाराच्या एप्सनच्या स्टायलस प्रो 4800 मध्ये चकचकीत कागदाची काळी शाई काढून साध्या कागदाची काळी घालायची तर नळ्यांतली शाई उपसून फेकावी लागे. छायाचित्रकारांनी त्यावर पुष्कळ आरडाओरडा केला. आणि 2006 साली कॅननचं बारा शायांचं यंत्र आलं, त्यात दोन्ही काळ्या एकाच वेळी बसवलेल्या. बदलाबदल नाही, उपसाउपशी नाही. म्हणजे नासाडी ही काही पावसासारखी आभाळातून पडत नाही. यंत्र कसं करायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ते वेगळंही ठरवता येतं.

आता माझी कबुली. हा प्लॉटर घेताना दरांचा तुलनात्मक तक्ता मीच केला होता. एल-वन, म्हणजे सर्वात स्वस्त दर, त्याच्यासमोर खूण मीच मारली. त्या तक्त्यात यंत्राची किंमत होती, हमीची वर्षं होती. सफाईला किती शाई लागते, हा रकाना नव्हता. मी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. संशय आला तो त्या मुलावर. खुलासा मात्र मी लिहिला, बेरजेचा कागद जोडून. मुलाचं नाव सुटलं. पण ज्यांच्या कार्यालयात बेरीज मारायला कुणी बसत नाही, तिथल्या मुलांचं काय?

याच पावसाळ्यात एक म्हातारी आली होती, वाटणीच्या कामासाठी आराखड्याची प्रत न्यायला. दोन बसी बदलून आलेली. काळी शाई भरपूर होती, पण यंत्राने पिवळी संपली म्हणून काळी रेघही मारायला नकार दिला. तिला मी हे समजावून सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काळ्यो रेगो मारूंक हळदुवो रंग कित्याक जाय रे पुता?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. तिला मी "मावशी, परवा या" म्हणालो.

आपल्या गोव्यात माहितीच्या हक्काचा कायदा 1997 सालीच झाला, देशाचा 2005 साली आला. आज कुणीही अर्ज करून विचारलं तर मला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सरकारी पैशाने घेतलेल्या यंत्राला मात्र कुणी विचारायचं नाही, ही कुठली रीत? माझं मागणं साधं आहे. यापुढे निविदेत चार अटी लिहा. एक, प्रत्येक सफाईला किती मिलिलिटर शाई जाते ते कागदावर द्या. दोन, छपाईची शाई आणि सफाईची शाई यंत्राने वेगवेगळी मोजून दाखवावी. तीन, जो रंग बंद तेवढाच साफ करायची सोय हवी. चार, काळ्या रेघांना काळी शाई पुरली पाहिजे. ज्या कंपनीला हे जमत नाही तिचा दर कितीही कमी असो, ती एल-वन नव्हे.

तोवर आपल्या हातातलं आम्ही केलं. भिंतीचा स्विच आता कुणी ओढत नाही, प्लॉटरला यूपीएस लावला, आठवड्यातून दोनदा एक छोटा रंगीत नमुना छापतो म्हणजे छिद्रं वाळत नाहीत. आणि माझ्या वहीत एक रकाना वाढवला, "सफाईत गेलेली". साहेबांनी विचारलं, हा रकाना कुठल्या नियमाखाली? मी म्हटलं, साहेब, नियम नाही, पण शाई गेलीय.

तुमच्या कार्यालयात, पंचायतीत, शाळेत, फ्लेक्सच्या दुकानात असलं यंत्र असेल तर एकदा ही बेरीज मारून बघा. आणि शाई कमी भरली तर आधी पोराकडे बघू नका, यंत्राकडे बघा.