आपण लिहिलेले तिला वाचून दाखवले का?

मराठवाड्यातल्या एका गावची गोष्ट. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील मुद्दाम कमी ठेवतो आहोत. एका शेतमजूर ताईंनी थकलेली मजुरी मागितली. मालकाने जातीवरून शिव्या दिल्या, वर काठीने मारले. प्रकार घडला मालकाच्या वाड्यातल्या गोठ्यात. तिथे ताई, मालक आणि मालकाची बायको, एवढे तिघेच. ताई आमच्याकडे आल्या तेव्हा आमच्यातल्याच एकाने अर्ज लिहून दिला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला कायदा माहीत होता आणि तेच नडले. जातीवाचक शिवीगाळीच्या कलमाला 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा' लागते, म्हणून अर्जात गोठ्याची चावडी झाली आणि न पाहिलेले दोन साक्षीदार आले. पोलिसांनी तोच मजकूर फिर्याद म्हणून उतरवून घेतला. ताईंनी सही केली.

काही वर्षांनी कोर्टात बचाव पक्षाच्या वकिलाने विचारले, चावडीवर किती लोक होते? ताई म्हणाल्या, "चावडीवर न्हाई साहेब, गोठ्यात झालं." जे घडले तेच त्या बोलल्या. आरोपी सुटला. काठीचे वळ खरे होते, शिव्या खऱ्या होत्या, पण सगळेच संशयाच्या खात्यात गेले. कोर्टाच्या पायरीवर ताई आम्हाला एवढेच म्हणाल्या, "दादा, मला आधी वाचून तर दाखवायचं."

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्ये दिली आहेत. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली तेव्हा ती सविस्तर लिहिली गेली. त्यातले पहिलेच कर्तव्य असे, की फिर्यादीने तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती तिला वाचून दाखवायची. हे कलम आम्ही पिशवीत छापील घेऊन फिरतो. ठाण्यात गेलो की फौजदारापुढे ठेवतो. आणि आमच्या कार्यालयातल्या टेबलावर, आमच्याच पेनाने लिहिताना, ते आम्ही पाळले नव्हते.

हे का होते याचा विचार आम्ही बराच केला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की निवेदकाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. परीक्षेत त्यावर लिहून चांगले गुणही मिळवले. दहा वर्षे क्षेत्रात काम केल्यावर मात्र 'काय सांगितले' यापेक्षा 'काय चालेल' हे कानाला आधी ऐकू येऊ लागले. गावगाड्यात लेखणी कुलकर्ण्याच्या हातात होती. कागदात काय लिहिले हे ज्याच्याबद्दल लिहिले त्याला कधी कळत नसे, तो फक्त अंगठा उठवत असे. आज आमच्या पिढीच्या हातात लेखणी आहे, लॅपटॉप आहे, कलमांचे ज्ञान आहे. आणि समोर बसलेली आजी, मावशी, ताई आजही सही किंवा अंगठाच करते आहे. आपणच नवे कुलकर्णी होत नाही ना, हे तपासायला हवे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला तो ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी. त्यांच्या वतीने काहीही बोलायची मोकळीक त्यातून आपल्याला मिळत नाही.

इथे काही वाचक थांबतील. असे उघड लिहिले तर 'कायद्याचा गैरवापर होतो' म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, असे त्यांना वाटेल. ही भीती आम्हालाही आहे. २० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला होता. त्यानंतर २ एप्रिलचा भारत बंद, संसदेने आणलेले कलम १८-अ, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने मागे घेतलेले आपले निर्देश हा सगळा प्रवास आपण पाहिला आहे. निर्दोष सुटका म्हणजे खोटी तक्रार नव्हे. ढिसाळ तपास, लांबलेले खटले, फितवलेले साक्षीदार, गावातला बहिष्कार ही कारणे आम्ही रोज बघतो. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की समोरच्याच्या हाती इतकी साधने असताना आपण त्याला आणखी एक साधन आपल्या हाताने देऊ नये. ताईंच्या खऱ्या गोष्टीत दम होता. तिला आमच्या भरतीची गरज नव्हती.

मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात बुद्ध बोलण्याचे प्रकार लावून दाखवतात. बोलणे खरे की खोटे, हिताचे की अहिताचे, ऐकणाऱ्याला आवडणारे की न आवडणारे. त्यातून सहा प्रकार होतात आणि त्यातले कोणते बोलायचे ते सांगितले आहे. खरे आणि हिताचे असेल ते, आवडो न आवडो, योग्य वेळ पाहून बोलायचे. आमच्या एका अभ्यासवर्गात एका मुलीने हिशेब केला आणि विचारले, तीन जोड्यांचे आठ प्रकार व्हायला हवेत, दोन कुठे गेले? गेले आहेत ते 'खोटे पण हिताचे' हे दोन. तो कप्पाच तिथे नाही. आम्ही मात्र सामाजिक कार्यात वर्षानुवर्षे त्याच कप्प्यात काम करत होतो. केस मजबूत व्हावी म्हणून, देणगीदाराला गोष्ट भिडावी म्हणून, अहवालात 'परिवर्तन' दिसावे म्हणून.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक वाणीविषयी जे सांगितले आहे, त्यातला एक मुद्दा आपण सहसा वगळतो. ही वाणी भीतीपोटी किंवा कुणाच्या मर्जीसाठी पाळायची नाही, आणि ती पाळताना नुकसान झाले तरी त्याचा विचार करायचा नाही. नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जड जाते. प्रकल्पाचा आकडा १८ असताना वरिष्ठ म्हणतात, "२५ लिहा, पुढच्या तिमाहीत भरून काढू." तेव्हा चौथ्या शीलाची परीक्षा असते. विहारात ते म्हणताना नसते.

आता फोनकडे येऊ. आपला समाज मुख्य प्रवाहातल्या माध्यमांवर विश्वास ठेवत नाही याला इतिहास आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा त्यामागचे जातीचे वास्तव लोकांपुढे यायला कितीतरी दिवस लागले. ते आणले कार्यकर्त्यांनी, गावात जाऊन, विचारपूस करून. आज तेच काम फोन करतो असे आपल्याला वाटते. पण गावात जाणे आणि आलेले पुढे ढकलणे यात फार अंतर आहे.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. अफवेला उलट उत्तर देण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्यावर ती पडते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी ५ ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती १ वर आली. कंपनीला जे करावे लागले ते आपल्याला स्वतःहून सुचायला हवे होते.

परभणीचे उदाहरण ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झाले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत त्यांच्या श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. सत्तेच्या वाणीलाही नीती लागते आणि ती तपासण्याचा अधिकार नागरिकाला आहे, हे इथे दिसले. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. लढणाऱ्या आईच्या आणि वकिलांच्या हाती कागद होता. अशा वेळी कुणीतरी भलत्याच गावचा जुना व्हिडिओ 'बघा परभणीत काय चाललंय' म्हणून फिरवला, तर तो तिच्या कागदालाच पातळ करतो.

फोटोंबद्दल तर आपल्याला खडसावूनच सांगायला हवे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत पीडितेलाही हे संरक्षण दिले. तरी निषेध मोर्चाच्या फलकावर मुलीचा फोटो आणि खाली आठ कार्यकर्त्यांचे फोटो, हे आपण पाहिले आहे. 'आम्हीही त्यात होतो' असे म्हणणे आम्हाला भाग आहे. एका प्रकरणात आमच्या गटातून गेलेला दवाखान्याबाहेरचा फोटो संध्याकाळपर्यंत तीन तालुके फिरला. त्या घरातली धाकटी बहीण नंतर शाळेत गेली नाही. फोटो काढून टाकता आला, ते वर्ष परत आणता आले नाही.

आपसातल्या भाषेवर स्वतंत्र लेख लागेल, म्हणून थोडक्यात. मतभेद झाला की 'दलाल', 'गद्दार' हे शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. त्याच अभयराजकुमार सुत्तात दाखला आहे, की बाळाच्या घशात खडा अडकला तर रक्त आले तरी तो काढावा, कारण त्या बाळाबद्दल करुणा आहे. टीका कठोर असायला हरकत नाही. पण आपण खडा काढतो आहोत की नुसता गळा दाबतो आहोत, एवढे पाहावे.

आमच्या कामात आम्ही एकच गोष्ट बदलली. अर्ज, जबाब, अहवाल, फोटोखालची ओळ, काहीही असो, ज्या माणसाबद्दल आहे त्याला सावकाश वाचून दाखवायचे आणि 'यातलं काय चुकलं?' असे विचारायचे. 'बरोबर आहे ना?' असे विचारायचे नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. वेळ दुप्पट लागतो. पहिल्या महिन्यातच लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक कागदात काहीतरी आम्ही आमच्या मनाचे घातलेले असते.

त्या ताई अजून येतात. मागच्या आठवड्यात नणंदेला घेऊन आल्या होत्या, रेशनकार्डातून नाव कमी झाल्याचा अर्ज होता. लिहून झाले, आम्ही कागद सहीसाठी पुढे सरकवला. ताईंनी नणंदेचा हात धरून ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आधी वाचा."