मुंबईचे सात दिवस : प्रवासाआधींचा विचार

दिवाळी उलटली, थंडी पडूं लागली आणि मुलांना नाताळच्या सुटीचे वेध लागले, म्हणजे विदर्भांत, खानदेशांत अथवा कृष्णाकांठच्या गांवांत राहणाऱ्या कुटुंबांतून एक विषय हमखास निघतो : यंदा सर्वांनीं मिळून आठवडाभर मुंबई पाहून यावें. विचार स्तुत्य आहे. ज्या शहरीं घरांतील कोणी ना कोणी शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं राहून आलेला असतो, तें शहर घरांतील सर्वांनींच एकदां सावकाश पाहावें, हें योग्यच होय. मात्र विचार निघाल्यापासून गाडींत बसेपर्यंत जें घडतें, तें बहुतेक घरीं एकाच पद्धतीनें घडतें. ज्याचा आवाज मोठा, तो कागद घेऊन बसतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी करूं लागतो. ती पाहतां पाहतां पंचवीस-तीस नांवांवर जाते. आणि मग ती सात दिवसांत कशी कोंबावी, याचीं गणितें सुरू होतात. या यादींत मुंबई सबंध असते. नसतात तीं फक्त मुंबईस जाणारीं माणसें.

सुज्ञ वाचकांस आमची सूचना अशी कीं, हा क्रम उलटा करावा. आधीं माणसांची यादी, मग स्थळांची.

उदाहरणासाठीं बारा माणसांचें एक घर धरूं. सत्तरी ओलांडलेले आजोबा व आजी, दोन कर्ते मुलगे, त्यांच्या पत्नी, घरींच राहणारी एक वडील बहीण (म्हणजे मुलांची आत्या) आणि पांच मुलें, पैकीं धाकटें तीन वर्षांचें. प्रवासाची गोष्ट निघतांच आजी म्हणतात, 'माझे गुडघे दुखतात. तुम्ही सारे जाऊन या, मी घर राखतें.' आत्या म्हणते, 'मग आईला सोबत कोण? मीहि राहतें.' धाकटी सून म्हणते, 'सर्वांना आवडेल तें मला चालेल.' हीं तिन्ही वाक्यें शिष्टाचाराचीं आहेत. तीं मनांतलीं असतातच असें नाहीं. परंतु तीं खरीं मानलीं म्हणजे पुरुषमंडळींचा पुष्कळसा त्रास वांचतो, म्हणून तीं तत्काळ खरीं मानलीं जातात. आणि आजींचा समुद्र, आत्याचा प्रवास व सुनेची इच्छा या तीन गोष्टी यादींतून कोणी न खोडतांच खोडल्या जातात.

यावर उपाय साधा आहे. एके रविवारीं सर्वांनीं एकेक चिठ्ठी लिहावी. लिहितां येणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी स्वतंत्र आणि तींत इच्छा एकच. लहानग्याची इच्छा त्याच्या आईनें आपल्या चिठ्ठींत लिहूं नये. त्यासाठीं निराळा कागद घ्यावा, नाहींतर आईची इच्छा तेथेंच संपते. चिठ्ठ्या घरांतील मुलानें वा मुलीनें मोठ्यानें वाचाव्या. तोंडीं विचारल्यास हें साधत नाहीं. कारण वडिलांसमोर आपली आवड पुढें करूं नये, असें वळण आपल्या घरांत असतें. वळण चांगलें आहे. परंतु त्याच्या पडद्याआड एखादीची इच्छा तीस-तीस वर्षें न उच्चारलेली राहते, हेंहि तितकेंच खरें आहे. सात दिवसांवर पहिला हक्क या चिठ्ठ्यांचा. उरलेल्या वेळेवर यादीचा. आजींच्या चिठ्ठींत केवळ 'समुद्राजवळ बसावयाचें आहे' एवढेंच असेल, तर ती बैठक कोणत्याहि संग्रहालयापेक्षां कमी दर्जाची समजूं नये.

आतां गणित. सात दिवसांपैकीं पहिला दिवस पोहोंचण्याचा व शेवटचा निघण्याचा. मधला एक पूर्ण मोकळा ठेवावयाचा. उरले चार. या चार दिवसांना प्रत्येकीं एकच मुख्य गोष्ट द्यावी. शिवाय मुंबई ही दक्षिणोत्तर लांब व रुंदीला चिंचोळी. सकाळीं माणसांचा लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे वाहतो, सायंकाळीं तोच उत्तरेकडे परततो. म्हणून बिऱ्हाड दादरला अथवा त्याच्या दक्षिणेस असावें; दक्षिणेकडे जाणें झाल्यास अकरानंतर निघावें; आणि उत्तरेकडे जाणें झाल्यास सकाळीं जाऊन चार वाजतां परतावें, म्हणजे दोन्ही वेळां आपण लोंढ्याच्या उलट असतों. लहान मुलें व वृद्ध यांच्यासह लोकलगाडींत शिरणाऱ्यानें एवढा एक नियम पाळला तरी निम्मी दमछाक टळते.

वारहि पाहावे लागतात. घारापुरीचीं लेणीं व बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान सोमवारीं बंद. राणीची बाग बुधवारीं बंद. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकास मंगळवारीं अपार गर्दी. हें सर्व ध्यानीं घेतां शनिवारीं सकाळीं पोहोंचून पुढील शुक्रवारीं रात्रीं निघावें, हें उत्तम.

शनिवारीं स्नान, भोजन, निद्रा. आणि सायंकाळीं गिरगांवची चौपाटी. आजींची चिठ्ठी पहिल्याच दिवशीं पुरी व्हावी. शेवटच्या दिवसासाठीं राखलेली वृद्धांची इच्छा बहुधा राहून जाते.

रविवारीं फोर्ट विभाग. कचेऱ्या बंद असल्यानें तेथील रस्ते त्या दिवशीं बरेच मोकळे असतात. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ही इमारत १८७८ सालीं बांधावयास घेतली व ती पुरी होण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं; २००४ सालीं तिचा जागतिक वारशांत समावेश झाला. मुलांना तेथें उभें करून सांगावें कीं, १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस या देशांतील पहिली प्रवासी आगगाडी येथून जवळच्याच बोरीबंदराहून ठाण्यास गेली. पुढें विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, २८० फूट उंचीचा व १८७८ सालीं पुरा झालेला. प्रेमचंद रायचंद यांनीं त्यास द्रव्य दिलें व आपल्या मातेचें नांव ठेवविलें. मग एशियाटिक सोसायटीच्या १८३३ सालच्या सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून बरोबर आणलेला फराळ.

सोमवारीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. हें १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. येथें घोडचूक होते ती सर्व दालनें पाहण्याची. तीन दालनें निवडावीं, मध्यें बसावें, आणि तीन तासांनीं बाहेर पडावें. मुलांना आधीं घरीं पंचतंत्रांतील दोन गोष्टी सांगून ठेवाव्या. कारण त्याच कथांचा फारसी अवतार जो 'अन्वार-इ-सुहैली', त्याची अकबराच्या चित्रशाळेंत तयार झालेली सचित्र प्रत याच संग्रहांत आहे. विष्णुशर्म्याचीं जनावरें बादशहाच्या दरबारांत कशीं पोहोंचलीं, हा एक प्रश्न घेऊन गेलेलें मूल प्रश्नावांचून गेलेल्या दहा मुलांपेक्षां अधिक पाहून येतें.

मंगळवारीं घारापुरी. गेट वे ऑफ इंडियाजवळच्या धक्क्यावरून बोटीनें सुमारें एक तास. बेटावर उतरल्यानंतर शंभरांवर पायऱ्या. ज्यांस चढवत नाहीं, त्यांच्यासाठीं डोली मिळते. ती घेण्यांत कमीपणा नाहीं. आंत सुमारें वीस फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ति आहे. तिच्यासमोर मोबाईल बाहेर काढण्यापूर्वीं पांच मिनिटें सर्वांनीं नुसतें उभें राहावें. सहाव्या शतकांतील कारागिरांनीं काळोखांतून ती कोरून काढली. तिला पाहण्यासहि डोळे काळोखाला सरावावे लागतात. परततांना गेट वेची कमान पाहावी. इंग्लंडच्या राजाच्या १९११ सालच्या आगमनाची ती खूण. आणि १९४८ च्या फेब्रुवारींत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानींतून परत गेली.

बुधवार मोकळा. या दिवशीं कोणीं कोणास 'आज काय पाहिलें' असें विचारूं नये. ज्यास झोपावयाचें त्यानें झोपावें. मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत कोणी न्यावें. सुनांना दादरच्या बाजारांत घड्याळाचा धाक न दाखवितां फिरूं द्यावें. आणि सायंकाळीं, जाहिरात पाहून, शिवाजी मंदिरांत किंवा गिरगांवच्या साहित्य संघांत नाटक.

गुरुवारीं मंडळींचे दोन भाग करावे. चालणाऱ्यांनीं बोरिवलीमार्गें कान्हेरीस जावें. तेथें शंभरांवर लेणीं आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यांत बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ति असून यज्ञ सातकर्णि या सातवाहन राजाच्या काळचा लेख आहे. आणि लेण्यालेण्यापाशीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत, तीं पाहिल्यावांचून परतूं नये. न चालणाऱ्यांनीं व लहानग्यांनीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जावें. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं घारापुरीस 'एलिफंटा' म्हटलें, तो हत्ती आज याच बागेंत उभा आहे. १८६४ सालीं तो इंग्लंडास नेण्याकरितां उचलतांना भंगला आणि १९१४ सालीं पुन्हां जोडला गेला. तेव्हां मंगळवारीं बेट व गुरुवारीं त्याचा हत्ती, असा मेळ वृद्धांस आपोआपच साधतो. तो मेळ कान्हेरीकरांस साधत नाहीं, म्हणून बागेचा गट कमी भाग्याचा समजण्याचें कारण नाहीं.

येथें मात्र एक कळीचा प्रश्न आहे. बागेच्या गटाबरोबर जावयाचें कोणीं? वृद्धांस हात देणें, लहानग्यास कडेवर घेणें, पाण्याची बाटली व औषधांची डबी सांभाळणें, हें काम न बोलतां धाकट्या सुनेकडे जातें आणि डोंगर पुरुष चढतात. हें काम पाळीनें वांटून घ्यावें व त्या पाळ्या निघण्यापूर्वींच कागदावर लिहाव्या. गुरुवारची पाळी मुलग्यांपैकीं एकाची असावी. स्वतःच्या आईबरोबर एक दुपार बागेंतील झाडाखालीं बसणें, ही शिक्षा नव्हे. पुष्कळ मुलग्यांस ती संधि नंतर शोधून मिळत नाहीं.

शुक्रवारीं सकाळीं सिद्धिविनायक, आणि तेथून भुयारी मेट्रोनें गिरगांव. ही वाट २०२५ सालीं पुरी खुली झाली. एखाद्या मुलाच्या चिठ्ठींत मेट्रो असणारच, ती येथें पुरी होते. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळी, जेथें १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला; गांवदेवीचें मणिभवन, जेथें १९१७ ते १९३४ या काळांत गांधीजी उतरत; वाळकेश्वरचें बाणगंगा तळें; आणि पुन्हां चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा. १९२० सालीं त्यांना याच वाळूवर अग्नि दिला गेला. रात्रीं गाडी.

आतां चुलीविषयीं. कांहीं घरांतून अद्याप शेगडी, तांदूळ, डाळ व पोळपाट बरोबर नेण्याचा प्रघात आहे. त्यांत काटकसर दिसते; परंतु ती कोणाच्या श्रमांतून होते, हें पाहिलें जात नाहीं. ज्या प्रवासांत स्वयंपाकघर बरोबर चालतें, त्यांत घरांतील निम्म्या माणसांनीं प्रवास केलेला नसतो. त्यांनीं केवळ चुलीची जागा बदललेली असते. सात दिवस चूल बंद, हें आधीं ठरवावें व खर्चांत धरावें. पैसे कमी पडत असतील तर दिवस पांच करावे. चूल पेटवूं नये. वाटेसाठीं दशम्या, चिवडा व लाडू पुरेत, आणि लाडू वळावयास सर्वांनीं बसावें. त्याखेरीज घरांतील प्रत्येक स्त्रीच्या हातीं निघतांनाच थोडी रक्कम द्यावी व तिचा हिशेब विचारूं नये.

नातलगांविषयींहि दोन शब्द. मुंबईचा आप्त कितीहि आग्रह करो, त्याच्या दोन-तीन खोल्यांत बारा माणसांनीं सात दिवस उतरणें ही प्रेमाची परीक्षा होय. ती घेऊं नये. एका सायंकाळीं भेटीस जावें, शक्य तर त्या कुटुंबासच आपल्याबरोबर जेवावयास बोलवावें.

आगगाडीचें आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधीं खुलें होतें. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस निघणाऱ्यांनीं ऑक्टोबर संपण्यापूर्वींच तिकिटें काढावयास हवींत. आणि तिकिटें किती काढावयाचीं, हें चिठ्ठ्या वाचल्याखेरीज कळत नाहीं. यंदाच्या नाताळची वेळ टळली असल्यास खंत नको. फेब्रुवारींतहि मुंबईची हवा बरी असते. तरी येत्या रविवारीं दुपारचें जेवण आटोपल्यावर बारा कागद फाडावे. आजींचा कागद कोरा आला, तर तो तसाच परत द्यावा आणि त्या लिहीपर्यंत पुढील चिठ्ठी उघडूं नये.