ऊसतोड स्त्रिया : मोजणी झाली, कारणांचे काय?

दिवाळीच्या सुमारास परळी वैजनाथ तालुक्यातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळीत पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि एका दिवसाच्या खाड्याचीही रक्कम मुकादम हिशेबात कापतो. बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 पैकी 13,861 स्त्रियांची, म्हणजे सुमारे 17 टक्के जणींची, ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) देशातील 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते.

तफावत धक्कादायक आहेच. परंतु एकाच वेळी केलेली मोजणी 'किती' हे सांगते, 'का' हे नाही. खाडा टाळण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, की कर्करोगाची भीती घालणाऱ्या डॉक्टरमुळे? दुसरे खरे असेल, तर ऊसतोडीला न जाणाऱ्या समवयस्क शेजारणींतही प्रमाण मोठेच निघेल. ती तुलना आधी हवी.

ऊसतोडीला कोणी जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही. प्रयोगाचा मार्ग येथे बंदच. उरतो पाठपुरावा : टोळी निघण्यापूर्वी नोंद, परतल्यावर तपासणी, तीही काही वर्षे. त्यातही आजारामुळे कोयता सोडलेली स्त्री यादीतून गळते आणि उरलेल्या अधिक निरोगी भासतात.

बीडमध्ये खासगी रुग्णालयांतील या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. पण मूळ खाड्यात असेल, तर त्या परवानगीने मुकादमाचा हिशेब बदलत नाही. स्त्री शेजारच्या जिल्ह्यात जाईल आणि बीडचा आकडा तेवढा घटलेला दिसेल.