गामा की गॉच? न झालेली कुस्ती आणि ‘जिगर’ नावाचा पुरावा

गामा आणि अमेरिकेचा फ्रँक गॉच यांची कुस्ती कधीच झाली नाही. तरीही शंभराहून अधिक वर्षे ती लढवली जात आहे, आणि दर वेळी निकाल लावणाऱ्याच्या मनातलाच मल्ल जिंकतो. युक्तिवाद संपत आले की शेवटी एकच शब्द पुढे येतो: जिगर. ज्याला आपण विजयी ठरवले त्याच्याकडे ती होती, दुसऱ्याकडे नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकाने या शब्दाकडे संशयाने पाहावे, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

अशा वादांची पद्धत शिकायला दूर जाण्याचे कारण नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, आणि दोन्ही काठांवरच्या गावांत यात्रेला आखाडा भरतो. हलगी कडाडते, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी आरंभ होतो आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागते. या सगळ्यात खरे कसब पंचांचे असते, ते ‘जोड’ लावण्याचे. दोन मल्लांना शेजारी उभे करून वजन, वय, उंची, कोण कोणत्या तालमीचा, कोण नुकताच आजारातून उठला आहे, हे नजरेने जोखायचे. कुस्ती निकाली की वेळ बांधून, हे आधीच पुकारायचे. आणि मगच हातसलामी. जोड विजोड लागली तर प्रेक्षकच ओरडतात. कल्पनेतल्या कुस्त्या लावणारे मात्र नेमकी हीच पायरी गाळतात. ते दोन नावे घेतात आणि थेट निकाल सांगतात.

गामा आणि गॉच यांच्या बाबतीत एक मोजपट्टी हाताशी आहे, असे सांगितले जाते: पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. हा दोघांशीही लढला, आणि तेही 1910 या एकाच वर्षात. 1 जून रोजी शिकागोत गॉचने त्याला पहिल्या डावात अवघ्या सहा सेकंदांत पाडले. झिबिस्को हस्तांदोलनासाठी पुढे झाला होता, गॉचने तीच संधी साधली. दुसरा डाव सुमारे अर्धा तास चालला आणि तोही गॉचनेच जिंकला. पुढे 10 सप्टेंबर रोजी लंडनमध्ये हाच झिबिस्को गामासमोर अडीच तासांहून अधिक काळ टिकला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. म्हणजे गॉच श्रेष्ठ? वरवर पाहता तसे दिसते. पण लंडनच्या त्या अडीच तासांत झिबिस्को बहुतेक वेळ मॅटला पोट लावून पडून होता. चीत न होणे एवढेच त्याने आपले काम मानले. गुण मोजण्याची पद्धत असती तर गामा केव्हाच विजयी ठरला असता. नियम बदलला की तीच कुस्ती वेगळी होते.

एकाने दुसऱ्याला हरवले, दुसऱ्याने तिसऱ्याला हरवले, म्हणून पहिला तिसऱ्याला हरवणारच, हा हिशेब कुस्तीत टिकत नाही. त्याचा ताजा दाखला शिरूरच्या शेजारीच आहे. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवले; त्या कुस्तीतल्या गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. अंतिम फेरीत गायकवाड राजगुरुनगरच्या शिवराज राक्षेकडून हरला. हिशेबाप्रमाणे राक्षेने सिकंदरला सहज हरवायला हवे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हवेली तालुक्यातल्या फुलगावच्या आखाड्यात दोघे समोरासमोर आले, आणि सिकंदरने काही सेकंदांतच राक्षेला आस्मान दाखवले. दहा महिन्यांत माणसे तीच होती. मनोबल एकाचे वाढले आणि दुसऱ्याचे आटले, असे म्हणायला आधार कोणता? निकालाखेरीज कोणताही नाही.

हीच खरी अडचण आहे. जिगर हे निकालाचे कारण म्हणून सांगितले जाते, पण तिचा पुरावा म्हणून पुन्हा निकालच दाखवला जातो.

मुष्टियुद्धाच्या जगात तर या खेळात यंत्रालाही ओढले गेले. अजिंक्य राहून निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि मोहम्मद अली यांच्यात कोण जिंकेल, हे 1969 मध्ये संगणकाला विचारण्यात आले आणि दोघांकडून तशी लढत अभिनीत करून चित्रित केली गेली. 1970 च्या जानेवारीत ती पडद्यावर आली, तेव्हा मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. अमेरिकेत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली. प्रेक्षक बदलला तसा निकाल बदलला, यात्रेतल्या पंचाला हे कधी खपले नसते! गंमत अशी की अलीच्या मनाच्या घडणीचा खराखुरा पुरावा त्याच वेळी रिंगणाबाहेर उपलब्ध होता. 1967 मध्ये त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला, किताब गमावला आणि ऐन उमेदीतली साडेतीन वर्षे खेळाविना काढली. निकाल काय लागेल हे ठाऊक नसताना केलेली ही निवड होती. मनोबलाबद्दल काही बोलायचेच असेल तर अशा निवडींवरून बोलावे.

या वादाला करमणुकीपलीकडचे मोल आहे, कारण हरलेल्याला ‘जिगर नव्हती’ म्हणून मोकळे होणे फार सोयीचे असते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ कुस्ती लढले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तरीही त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवपुढे उभे करण्यात आले, आणि तो नियम ठणकावून सांगायला एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. ही कहाणी आपण धैर्याची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेही. पण तेवढीच सांगितली की त्या गैरहजर अधिकाऱ्याची जागा इतिहासातूनही रिकामी राहते.

भीमेच्या दोन्ही काठांवर आजही शेतकरी घरातली पोरे दूध, बदाम, तूप यांचा खुराक घरच्यांना परवडेल तितका खात तालमीत घाम गाळतात. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. मल्लविद्येच्या जोरावर पोलिसात भरती व्हावे, ही या भागातल्या अनेकांची आस असते. खुद्द खाशाबाही 1955 मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले होते. गुडघा निखळला, खुराकाचे पैसे संपले, पंचाचा निर्णय फिरला, की यांतला एखादा घरी परततो. त्याच्यावर मनाने कच्चा असल्याचा शिक्का मारणारे बहुधा आखाड्याच्या कडेला बसलेले असतात. याउलट शिरूरच्या वाटेवरच्या वाघोलीचा अभिजित कटके पाहा: 2017 मध्ये महाराष्ट्र केसरी, पुढच्याच वर्षी जालन्यात अंतिम फेरीत बाला रफीक शेखकडून पराभव, आणि 2023 मध्ये हैदराबादला हिंद केसरी. त्याचे मन जालन्यात कमकुवत आणि हैदराबादेत पोलादी होते, असे कोणी म्हणेल काय?

तर मग गामा की गॉच? जोड नीट लावून उत्तर द्यायचे तर असे देता येईल. भारतीय माती, निकाली कुस्ती आणि वेळेचे बंधन नाही, तर गामा. शिकागोचे मॅट, तीन डावांची लढत आणि पाऊल पिरगाळण्याच्या गॉचच्या कुप्रसिद्ध डावाला मुभा असेल, तर गॉच. निदान पहिला डाव तरी त्याचाच. यापुढे जाऊन बोलणे म्हणजे पैज लावणे.

मनोबलाचा मान मात्र या दोघांपैकी कोणालाच देण्याची घाई नको. लंडनच्या अनिर्णित कुस्तीनंतर 17 सप्टेंबर 1910 रोजी झिबिस्को पुन्हा लढायला आलाच नाही आणि किताबाचा पट्टा गामाला मिळाला. त्या गैरहजेरीमुळे आपल्याकडच्या वर्णनांत तो भित्रा म्हणून कायमचा नोंदला गेला. पण 1921 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, तो जगज्जेता झाला. आणि 1928 च्या जानेवारीत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गामाच्याच देशात, गामाच्याच आश्रयदात्या संस्थानात, पतियाळाच्या आखाड्यात तो आपणहून उतरला. मिनिटभरातच तो चीत झाला.