लाल ठिपक्याचे प्रामाण्य

मेध्य औषधींच्या माहितीपत्रकांवर मेंदूचे रंगीत चित्र छापलेले आमच्या पाहण्यात येते. त्यातील लाल ठिपका म्हणजे औषधाने जागे केलेले केंद्र, असा वाचकाचा समज होतो. हा समज आम्हांस घातक वाटतो.

हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम घेतला; १९६८ मध्ये डेव्हिड कोहेन यांनी मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजले. ते पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण असते. मात्र दोन्ही मापने कवटीबाहेरची. बाहेरच्या एकाच नोंदीस आतील अनेक उगम सारखेच लागू पडतात, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखविले होते. ठिपका हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. धुरावरून अग्नी कळतो. चूल कोणाच्या घरची, हे कळण्यास आणखी गृहीतके लागतात.

समूहाच्या अभ्यासात अडचण वाढते. प्रत्येकाच्या मेंदूच्या वळ्या निराळ्या. त्या एका नमुना-मेंदूवर बसवून सरासरी काढतात. प्रत्येकाचे एमआरआय न घेता सर्वांना एकच प्रतिमान लावले, तर उगम सेंटिमीटरभरही सरकू शकतो. प्रकृतिभेद मानणाऱ्या आपण तरी (एरवी किती मानतो, हा प्रश्न वेगळा) अशा सरासरीस भुलू नये.

औषधनिर्मात्या बंधूंना आमची विनंती आहे की, चित्र छापण्यापूर्वी इलेक्ट्रोड किती होते व प्रत्येकाचे एमआरआय घेतले होते काय, हे संशोधकास विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास त्या जागी मंडूकपर्णीचे गुणकर्म छापावे.